मिसेस फिलिपची नाडी

मला आजवर झाले नाहीत असे आजार थोडेच उरलेत. दमा होऊन गेला, मुतखडा झाला, अपेंडिक्स तर दोनदा सुजलं. एकदा नवरा मारहाण करतो म्हणून मी डोळ्यांतून खळाखळा पाणी काढलं होतं, आणि माझा नवरा बिचारा असा, की हयात असताना त्याच्याने कोंबडीसुद्धा कापवली नाही. त्यासाठीही मलाच हाक मारायचा. आजार आटोपून घरी आले की मी ठणठणीत. चुलीवर ब्रेडफ्रूट भाजायला टाकायचं आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला विचारायचं, "आज मला काय झालं होतं, ओळख बघू!"

आमच्या लाबोरी गावाच्या वरच्या टेकडीवर मेडिकल कॉलेज आहे. तिथे पोरं कुठून कुठून येतात. नायजेरियातून, कॅनडातून, टेक्सासमधून. आपल्या देशात ज्यांना जागा मिळाली नाही, ती आमच्या बेटावर. इथे दोन वर्षं पुस्तकं घोकायची आणि मग अमेरिकेतल्या इस्पितळांत जायचं. पण त्याआधी पेशंटशी बोलायला शिकावं लागतं, आणि खरे पेशंट काही शिकाऊ पोरांना झेलत बसत नाहीत. म्हणून आम्ही. मी, पोस्टातून निवृत्त झालेला सिल्व्हेस्टर आणि गावातली आणखी काही रिकामटेकडी माणसं. मिस कादेत नावाची बाई आमच्यावर देखरेख करते. ती आधी एक कागद देते. त्यात आपलं नाव काय, दुखतं कुठे, कधीपासून, कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, सगळं असतं. तेवढं पाठ करायचं, पाठीमागे बंदांनी बांधायचा झगा घालायचा आणि पलंगावर बसून कण्हायचं.

खरं सांगते, मला या कामाची चटक लागली होती. एरवी कुणाच्या पोराला तू कुठला, तुझी आई काय करते असं विचारलं, की लोक म्हणतात क्लोटिल्डाला नसत्या चौकशा हव्यात. इथे पोरं आपणहून जवळ येतात. नुसतं दारावर टकटक कशी करतात यावरून मी ओळखते, हा सर्जन होणार, ही लहान मुलांची डॉक्टर होणार, आणि हा बापाच्या धाकाने आलाय, याला मनातून गिटार वाजवायचं आहे.

ओगेची न्वोसू मात्र मला ओळखता आली नाही. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अर्धशिशी होती. मार्चमधली परीक्षा. ही आत आली ती उभीच राहिली, नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर, आणि सुटली, "दुखतं कुठे? कधीपासून? एका बाजूला की दोन्ही? उलटी होते? उजेड सहन होतो?" मी पहिल्याचं उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर बाई चौथ्यावर. शेवटी कागदात लिहिल्याप्रमाणे मी तिचा हात धरला आणि रडवेल्या आवाजात म्हटलं, "डॉक्टर, माझ्या डोक्यात गाठ तर नाही ना हो?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला काहीच झालेलं नाही."

कोपऱ्यात बसलेल्या परीक्षकाचं पेन थांबलं. मला आतून एवढं हसू फुटलं, की डोकं धरून खाली वाकावं लागलं. खोटं काय बोलली होती? पण नापास झाली.

संध्याकाळी मी बससाठी खाली उतरले, तर ही स्टॉपजवळच्या कठड्यावर बसलेली. हातात बेक, म्हणजे आमची तळलेली रोटी, पण एक घासही न खाल्लेला. मी जाऊन शेजारी बसले. मला राहवतंय कशाला!

"काय गं, मला काहीच झालेलं नाही म्हणालीस?"

"नव्हतंच झालेलं."

"नव्हतं. पण असं तोंडावर सांगायचं असतं होय? मला केवढं वाईट वाटलं असतं, डोकं दुखत असतं तर."

ती हसली नाही. म्हणाली, "मी तिकडे नायजेरियात, एनुगूला प्रयोगशाळेत होते. दिवसभर रक्ताचे थेंब काचेखाली बघायचे. थेंबाला काही विचारावं लागत नाही. बघितलं की कळतं. इथे तुम्ही खोटं दुखता, मी खोटं विचारते, आणि सर खोटी मान डोलावतात. माझी जीभच उचलत नाही."

"मार्क तेवढे खरे," मी म्हटलं.

"तेवढे खरे," ती म्हणाली. मग तो बेक माझ्या हातात देऊन तिने तोंड फिरवलं. "आता ऑगस्टमध्ये एकदाच संधी. तेव्हाही गेले तर कॉलेज घरी पाठवतं. आई आत्तापासूनच शेजाऱ्यांना सांगते, माझी डॉक्टर मुलगी. घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

पुस्तकातलं या पोरीला सगळं येत होतं, सगळं. अडत होतं ते फक्त माझ्यासारख्या म्हातारीशी चार शब्द बोलण्यात. मला तिची कीव आली, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, कुतूहल वाटलं. सोंग करताच येत नाही असं माणूस मी तोवर पाहिलंच नव्हतं. आमच्या गावात तर नुकतं जन्मलेलं मूलही उगाच रडून दाखवतं. म्हटलं, "गुरुवारी माझ्या व्हरांड्यात ये. मी आजारी पडते, तू विचार."

ती यायला लागली. आम्ही फक्त बोलण्याचा सराव करायचो. हात लावून तपासणं तिला चांगलं जमत होतं, आणि परीक्षेत त्याचं तसंही नाटकच असतं. पोरं आमच्या मनगटाला बोटं लावतात, घड्याळाकडे बघितल्यासारखं करतात, तेवढ्यात परीक्षक एक कार्ड पुढे करतो. नाडी नियमित, ताप नाही, रक्तदाब अमुक. कार्ड मिळालं की बोटं उचलायची. आम्ही धडधाकट माणसं, आमच्या नाडीत बघायचं काय? किती पोरांनी माझं मनगट धरलं असेल, पण मोजली कुणीच नाही, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

बोलण्यात मात्र गाडी पुढे सरकेना. मी छातीत जळजळ म्हणून विव्हळले की ही म्हणायची, "मा क्लो, तुम्ही मघाशी अक्राची भजी तळत गाणं म्हणत होता."

"ती क्लोटिल्डा गं! मी आता मिसेस जोसेफ आहे."

"मिसेस जोसेफच्या बोटांना पीठ लागलंय."

मी कपाळावर हात मारला. तो पिठाचाच.

मग मला सुचलं, हिला बैठकीला न्यावं. आमच्या बेटावर फुलांच्या नावाची दोन मंडळं आहेत, ला रोझ आणि ला मार्गेरीत. माणूस आईच्या पोटातून येतानाच एकीकडचा असतो. आम्ही गुलाबाचे, म्हणजे ला रोझचे. ऑगस्टअखेरीस आमचा सण, आणि त्याआधी काही महिने दर शनिवारी संध्याकाळी गाण्याबजावण्याची बैठक. तिथे आमचा दरबार भरतो. राजा, राणी, न्यायाधीश, पोलीस, सगळे गावातलेच. मी या दरबारात लग्नाच्या आधीपासून नर्स आहे. दारात पहारेकरी असतो. त्याला आणि राजाराणीला मुजरा केल्याशिवाय आत पाऊल टाकलं, की पोलीस धरतो आणि दंड होतो. दंड भरायचा, हसायचं नाही.

ओगेची तरातरा आत शिरली. पोलिसाने तिचा दंड धरला आणि न्यायाधीशासमोर उभं केलं.

"राजाला मुजरा का केला नाही?" न्यायाधीश गरजला. हा आमचा न्हावी.

ओगेचीने सिंहासनाकडे पाहिलं. कागदी मुकुट घालून अन्सेल्म बसला होता, छाती पुढे काढून. "राजा?" ती म्हणाली. "हे तर अन्सेल्म! सकाळी यांच्याकडूनच मी मासे घेतले. त्यातला एक शिळा होता."

ढोल थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्यालाही जागच्या जागी दंड झाला. न्यायाधीश म्हणाला, "राजाला कोळी म्हटल्याबद्दल दुसरा दंड. राजाच्या माशाला शिळा म्हटल्याबद्दल तिसरा." अन्सेल्मने डोळ्याची पापणीही हलवली नाही. मला त्याचा अभिमान वाटला. एरवी त्याच्या माशांना नावं ठेवणाऱ्याच्या तो अंगावर धावून जातो.

गाणी झाली, नाच झाला. मी जरा जास्तच नाचले. छातीत कोंबडी फडफडावी तसं व्हायला लागलं, हल्ली व्हायचं तसं, म्हणून ओगेचीच्या शेजारी बाकावर टेकले. वय झालं, दुसरं काय! समोर तक्रारींची वेळ सुरू झाली होती. म्हातारी युजीनी उठली आणि राजासमोर हात जोडून सांगायला लागली, की मुलगा कॅनडात गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, रेडिओशी बोलते. ही तक्रार सोंगातली होती की खरी, आम्हाला कुणालाच कळलं नाही. तिला स्वतःलाही कळलं असेल असं वाटत नाही. अन्सेल्म सिंहासनावरून पुढे झुकला. मध्ये एक शब्द बोलला नाही. ती थांबली तरी तो थांबून राहिला, मग ती आणखी बोलली. शेवटी त्याने हुकूम सोडला, "राजाचे पोलीस रोज संध्याकाळी युजीनीबाईंकडे कोको-टी प्यायला जातील." आणि खरंच, आमचा पोलीस झालेला बसड्रायव्हर तेव्हापासून रोज तिच्याकडे जातो. कोको-टी तोच घेऊन जातो.

परतताना ओगेची म्हणाली, "मुकुट कागदाचा होता."

"होता."

"पण ऐकलं त्यांनी खरंच."

"मग तुला मी काय वेगळं सांगतेय गं इतके दिवस?"

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मिसेस जोसेफ, काय त्रास होतोय?" आणि थांबली. मी मुद्दाम लांबण लावली, सुनेची कागाळी केली, मध्येच गप्प बसले. ती हलली नाही. हळूहळू माझ्या तोंडून अशा गोष्टी बाहेर पडायला लागल्या ज्या कागदातही नव्हत्या आणि मी ठरवलेल्याही नव्हत्या. मी चरकले आणि उठून चुलीकडे गेले. पोरगी तयार झाली होती.

ऑगस्टच्या परीक्षेत मला मिसेस फिलिपचं काम मिळालं. पित्ताशयात खडे. तळलेलं खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ, ती थेट खांद्यापर्यंत. छातीबद्दल काहीही विचारलं तर नाही. मिस कादेतने सकाळी आम्हा सगळ्यांना उभं करून नियम वाचून दाखवले, दर वेळी दाखवते तसे. विद्यार्थी मध्येच थांबला तर त्याला शून्य. पेशंटने सोंग सोडलं तर ती खोली रद्द, विद्यार्थ्याला दुसरी खोली मिळणार, आणि त्या पेशंटला पुन्हा कधी बोलावणं नाही. "तुझ्याकडून तशी भीती नाही म्हणा, क्लोटिल्डा," ती म्हणाली. नव्हतीच. एकदा भर बैठकीत दाढेने माझा गाल पपईएवढा सुजला होता, पण नर्सबाईंनी राजाला वारा घालायचं थांबवलं नव्हतं.

परीक्षक म्हणून माझ्या खोलीत डॉक्टर रामबाली होते. अर्ध्या लाबोरीची बाळंतपणं त्यांच्या हातची. आता थकले आहेत, पण शिकवायला येतात. कुणाला कुठली खोली मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. दारावर टकटक झाली, दोन सावकाश, आणि मी ओळखलं कोण आहे ते.

"मिसेस फिलिप, मी ओगेची. बसू का इथे? काय त्रास होतोय सांगा."

आणि थांबली. डॉक्टर रामबालींच्या भुवया जरा वर गेल्या. मी पोट धरलं आणि कण्हत कण्हत सगळं सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. जिथे विचारायचं तिथे विचारलं, आणि मी "रात्र रात्र झोप नाही हो डॉक्टर" म्हटल्यावर म्हणाली, "फार हाल झाले तुमचे." मला मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पोरगी जिंकली! आता चार-दोन मिनिटं पोट दाबायचं, निदान सांगायचं आणि सुटली.

"आता तुमची नाडी बघते," ती म्हणाली आणि मनगटावर बोटं ठेवली.

डॉक्टरांनी कार्ड पुढे केलं. तिने घेतलं नाही. तिची नजर घड्याळाच्या काट्यावर होती.

"मिस न्वोसू, कार्ड."

"एक मिनिट, सर."

तिचे ओठ हलत होते. मिनिट झालं तरी तिने हात सोडला नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मला गंमत वाटत होती. माझ्या मनगटात हिला एवढं काय सापडलं असेल?

मग तिने विचारलं, "छातीत धडधडतं का हो कधी?"

"नाही, डॉक्टर," मिसेस फिलिप म्हणाली.

"चढावर दम लागतो?"

"नाही."

"फडफडल्यासारखं, ठोका चुकल्यासारखं होतं?"

"नाही बाई, पोटाचंच काय ते." इतकं सहज नाही मी आयुष्यात म्हटलं नसेल. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझा विश्वास बसत नाही."

माझं डोकंच फिरलं. पुन्हा तेच! मार्चसारखंच! अगं पित्ताचं विचार, पित्ताचं, असं ओरडावंसं वाटत होतं, पण मिसेस फिलिपला ओरडता येत नव्हतं. मी जोरात कण्हले तेवढी.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कार्डावर नाडी नियमित आहे. पुढे चला."

"कार्डावर आहे, सर. हातात नाही. दोन ठोके लगोलग येतात, मग एक गळतो, मग तीन घाईघाईने. कशाला कशाचा मेळ नाही. यांचा आजच्या आज ईसीजी काढायला हवा."

"तो नंतर बघू. वेळ शिल्लक आहे. पोट तपासा, निदान सांगा, आणि बाहेर गेल्यावर मला हे सांगा."

सोपं होतं की नाही? मीसुद्धा मनात म्हटलं, ऐक गं बाई त्यांचं. पण ओगेची म्हणाली, "निदान सांगताना मला सगळं मोठ्याने म्हणावं लागेल, सर. नाडी नियमित, हृदय ठीक. यांच्या समोर. यांच्या हातावर माझी बोटं असताना. ते माझ्या तोंडून निघणार नाही. मी इथे थांबते."

"थांबलात तर शून्य. म्हणजे काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." तिने माझा हात सोडला नव्हता.

डॉक्टरांनी पेन उचललं, पण ते कागदावर टेकवेनात. त्यांनाही ते लिहायचं नव्हतं, दिसत होतं. मला इतका राग आला होता, की हिच्या एक थोबाडीत द्यावी आणि मग पोटाशी धरावं. एक वाक्य म्हणायचं होतं! जगातला प्रत्येक जण रोज असली दहा वाक्यं म्हणतो. मी तर तासाला म्हणते. आणि मग मला एकदम भीती वाटली. हिला सोंग येत नाही. म्हणजे ही जे म्हणतेय, ते खरं असणार.

मी दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. मला त्यातलं काय कळतंय! पण एक ठोका आला, दुसरा आला, आणि मग मी वाट बघत राहिले.

वेळ संपल्याची घंटा व्हायची होती आणि शून्य अजून लिहिलं गेलं नव्हतं. घंटेनंतर सोंग सोडून उपयोग नव्हता, हा नियम मलाही पाठ होता. मी पलंगावरून पाय खाली सोडले आणि पोटावरचा हात काढला.

"डॉक्टर रामबाली, मी मिसेस फिलिप नाही."

"ते मला माहीत आहे, क्लोटिल्डा."

"अहो, ऐका तर! माझ्या पोटात काही दुखत नाही. माझ्या छातीत फडफडतं. ईस्टरपासून. देवळाच्या चढावर दोनदा बसावं लागतं, आणि मी लोकांना सांगते की समुद्र बघत बसले. पोरीने तीनदा विचारलं आणि मी तीनदा नाही म्हटलं, कारण कागदात तसं लिहिलंय. आता मी सोंग सोडलं. लिहा तुम्ही तसं."

"लिहिलं तर तुला पुन्हा बोलावणार नाहीत."

"लिहा म्हटलं ना!"

त्यांनी लिहिलं. मला रडू आलं, आणि ते मी काढलेलं नव्हतं. हे काम गेलं. आता कुठला दमा नि कुठला मुतखडा, कुठली पोरं माझ्याजवळ येणार! मी त्या मेल्या झग्याच्या बाहीनेच नाक पुसलं. डॉक्टर उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी स्वतः माझी नाडी धरली. बराच वेळ धरली. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं कार्ड मीच पुढे करत आलो, क्लो." मग ओगेचीकडे वळून म्हणाले, "ही खोली रद्द. तीन नंबरमध्ये सिल्व्हेस्टर बसलाय, घंटा झाली की तिथे जा. मी हिला गाडीतून व्ह्यू फोरच्या इस्पितळात नेतो."

"पोरगी बाहेर येईपर्यंत मी हलणार नाही," मी म्हटलं.

"क्लोटिल्डा, हे गंभीर आहे. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाते अशाने."

"एवढे दिवस गेली नाही ती आता वीस मिनिटांत जायची नाही. गेलीच तर तुम्ही आहात की बाजूला."

ते बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसले आणि मनगट काही सोडलं नाही त्यांनी. तीन नंबरचं दार बंद होतं. मिस कादेत आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून निघून गेली. आतून सिल्व्हेस्टरचा खोकला ऐकू येत होता. हा मेला नेहमी जास्त करतो. मी मनात म्हणत होते, पोरी, त्याचं ऐक, त्याला काहीच झालेलं नाही, तरी ऐक.

दार उघडलं. तिचा चेहरा बघून मला काही कळेना.

"काय गं?"

"न्यूमोनिया होता," ती म्हणाली.

"खरा?"

"छे, कागदावरचा. नाडीही मोजली. चांगली आहे."

"अगं पण तुझं काय?"

"तो म्हणाला मला मरणाची भीती वाटते. मी म्हटलं, वाटणारच, मी आहे इथे. मा क्लो, ते मी खोटं नाही बोलले. मी होतेच तिथे."

तिच्यामागून बाहेर आलेल्या परीक्षकाने डॉक्टर रामबालींकडे बघून मान हलवली, आणि ती मान कुठल्या बाजूला हलली हे मी नीट पाहिलं. पास! मी उठून नाचणार होते, पण डॉक्टरांनी खाली दाबून बसवलं.

मग आम्ही तिघं त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. ओगेची मागे माझ्याजवळ बसली, पांढरा कोट तसाच अंगावर. वाटेत तिने एकच प्रश्न विचारला, पहिल्यांदा कधी झालं म्हणून, आणि मी इस्पितळ येईपर्यंत बोलत होते. नवरा गेला त्या वर्षापासूनचं सगळं सांगितलं. मला माहीतच नव्हतं की माझ्याकडे एवढं सांगण्यासारखं आहे.

खिडकीत एक तरुण नर्स होती. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मान वर न करता म्हणाली, "कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं?"

रामबाली तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "डॉक्टर न्वोसू."

"मी अजून डॉक्टर नाही," ओगेची लगेच म्हणाली. गप्प बसली तर शपथ!

नर्सने पेन वर धरलं आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायला लागली. "मग लिहू काय मी?"

"अजून नाहीये ती," मी म्हटलं, "पण माझी आहे. लिही तू."